ज्याची तक्रार, त्याचा टाळ

इच्छापूर हे गाव मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूर जिल्ह्यात. या टापूतल्या वारकऱ्यांची संत मुक्ताई मात्र सीमेपलीकडे, मुक्ताईनगरजवळच्या कोथळीला. नकाशावर मधून राज्याची सीमा जाते. वारी तिथे अडत नाही.

आषाढीसाठी कोथळीहून निघालेली मुक्ताईची पालखी महिनाभराहून अधिक काळ चालते. खान्देश, विदर्भ, मध्य प्रदेश, सगळीकडची माणसं. ऊन, चिखल, पायाला फोड, रात्री शेजाऱ्याचं घोरणं. तरी दिंडी फुटत नाही. आपल्या सोसायटीची वार्षिक सभा तासाभरात फुटते.

का?

भक्तीमुळे, हे उत्तर तयारच असतं. पण भक्ती घरी बसून एकट्यालाही करता येते. सोबत चालायला आणखी काही लागतं.

दिंडीत भिशी भरावी लागते. जेवण सगळ्यांच्या पैशातून शिजतं, म्हणून कुणी कुणाचा आश्रित नसतो. वीणा कुणाकडे, मृदंग कुणाकडे, तुळस कुणाच्या डोक्यावर, हे ठरलेलं असतं. एक जण मागे राहिला तर लगेच कळतं. तुमच्या मंडळातला एक जण महिनाभर आला नाही, तर कुणाला कळेल?

खरी मेख पुढेच आहे.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी लावली. तिथे मुक्कामाच्या समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे चालत जातो, गाऱ्हाणं ऐकतो. मग आरती.

तक्रार आधी, आरती नंतर!

आपल्याकडे उलटं. कुणी हिशेब विचारला की ‘एकीला तडा नको’ म्हणून त्यालाच गप्प बसवतात. जिथे फक्त अॅडमिनच लिहू शकतो, त्या व्हॉट्सअॅप ग्रुपला एकी म्हणायचं?

वारीनेही सगळ्यांचं ऐकलं असं नाही, हेही सांगायलाच हवं. एकत्र गाणारी माणसं जेवायला मात्र जातीनुसार वेगळी बसत, हे इरावती कर्व्यांनी ‘वाटचाल’मध्ये लिहून ठेवलं. पंढरीचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं. शतकानुशतकं वाजणारा दलितांचा तो टाळ कुणालाच ऐकू आला नव्हता?

म्हणून संघटना बांधायला निघालेल्यांनी टी-शर्ट, घोषणा आणि स्नेहभोजनं जरा बाजूला ठेवावीत. आपल्याकडे दंड उंचावल्यावरही टाळ वाजवायची मुभा कुणाला आहे, हे आधी तपासावं. शाखेतल्या नव्या पोराला आहे? बचत गटातल्या सर्वांत गरीब बाईला आहे?

नसेल, तर माणसं एक दिवस मुकाट्याने निघून जातात. मागे राहिलेले त्यांना बेइमान ठरवतात. जाण्याआधी ती कितीदा बोलली होती, हे कुणी विचारलं?