एरर जसाच्या तसा वाच

लांबच्या डेटाबेस सर्व्हरला कनेक्शन लागत नाही म्हणून ज्याच्याकडे धाव घ्यायची, असा एक माणूस हिंजवडीपासून खराडीपर्यंतच्या प्रत्येक ऑफिसात सापडतो. व्हिजिटिंग कार्डावर डीबीए असेल, सीनियर अमुकतमुक असेल, नाहीतर नुसतंच सपोर्ट. ज्युनिअर पोरं त्याला दादा म्हणतात, मॅनेजर लोक अडलेलं असेपर्यंत सर म्हणतात. एरवी तो कुणाला फारसा आठवत नाही. कनेक्शन चालू असताना कनेक्शनची आठवण कोण काढतंय?

दादाकडे जाऊन उत्तर मिळत नाही, उलटतपासणी होते.

“दादा, डेटाबेसला कनेक्ट होत नाहीये.”

“एरर काय येतोय?”

“कनेक्ट होत नाही, असाच येतोय.”

“असा नसतो येत. वाच.”

“लाल अक्षरांत काहीतरी आहे...”

“रंग नको सांगूस. एरर जसाच्या तसा वाच.”

इथपर्यंत आल्यावर कळतं की समोरच्याने एररची खिडकी दिसल्याबरोबर ती बंद केली, आणि मग एरर आला हे सांगायला तो दोन मजले चढून आला. स्क्रीनशॉट मागितला तर मोबाइलने काढलेला फोटो येतो. तिरका, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, आणि ओळीचा शेवट कापलेला. दादाचा जीव त्या शेवटातच अडकलेला असतो. मायएसक्यूएल ‘कनेक्ट करता येत नाही’ असं सांगून २००३ हा आपला क्रमांक देतं, आणि अगदी शेवटी, कंसात, आणखी एक आकडा टाकतं. लिनक्सवर तो ११० असतो, नाहीतर १११. विंडोजवर १००६० नाहीतर १००६१. या शेवटच्या एका अंकावर दादाची अर्धी कारकीर्द उभी आहे.

नवीन मुलांना तो हे समजावतो तेव्हा त्याच्यातला मास्तर जागा होतो. “पेठेतल्या वाड्यात गेलायस. कडी वाजवलीस. आजोबा बाहेर आले, ‘इथं कुणी राहत नाही’ म्हणाले आणि दार लावून घेतलं. हा १११. अपमान झाला, पण माहिती किती मिळाली बघ. पत्ता बरोबर आहे, रस्ता मोकळा आहे, आजोबा धडधाकट आहेत. तुझा माणूस तेवढा त्या खोलीत नाही. म्हणजे सर्व्हिस बंद असेल किंवा दुसऱ्या पोर्टवर बसली असेल. आता ११०, म्हणजे टाइमआउट. कडी वाजवतोयस, वाजवतोयस, कुणीच येत नाही. हे वाईट. कारण तुझा आवाज आत पोचला का, हेच तुला माहीत नाही. बहुतेक वेळा मध्ये फायरवॉल असते आणि ती तुझी पाकिटं एकेक करून चुपचाप केरात टाकत असते.” मग प्रामाणिक माणूस असल्यामुळे जोडून सांगतो की एखादी फायरवॉल तोंडावर नकारही देते, तेव्हा १११ आला म्हणून लगेच टाळ्या पिटू नयेत.

नकार परवडला, गप्प बसणं नको, हे तत्त्वज्ञान तो घरीही चालवतो. भाच्याच्या स्थळाकडून काहीच कळत नव्हतं. घरचे म्हणू लागले, पसंत नसेल, सोडून द्या. दादा म्हणाला, “नाही म्हणालेत का? नाही ना? मग हा टाइमआउट आहे. मध्ये कोण आहे ते बघा.” मध्ये एक लांबच्या काकू होत्या. पत्रिका त्यांच्या पर्समध्येच होती. त्या दिवसापासून वहिनींनी त्याच्या धंद्याला नावं ठेवणं बंद केलं, निदान पाहुण्यांसमोर तरी.

दादाला संताप येतो तो दोन वाक्यांचा. पहिलं, “पिंग होतंय, म्हणजे सर्व्हर चालू आहे.” पिंग हा छोटासा प्रोग्रॅम माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३ च्या डिसेंबरात लिहिला. दादाला म्यूसबद्दल आदर आहे, राग आहे तो पिंगवर विसंबणाऱ्यांचा. पिंगचा पोर्टशी काहीएक संबंध नाही. यंत्र जागं आहे एवढंच ते सांगतं, डेटाबेसची चौकशी करत नाही. उलट, क्लाउडवरच्या कितीतरी सर्व्हरांना पिंग मुद्दाम बंद केलेलं असतं आणि आत डेटाबेस मजेत चालू असतो. म्हणून दादा पोर्टवर टेलनेट करायला सांगतो. विंडोजमध्ये टेलनेट आधीपासून चालू नसतं, ते चालू करायला ॲडमिनची परवानगी लागते, परवानगीला तिकीट लागतं, आणि तिकिटाला तीन दिवस लागतात. तोवर मूळ प्रश्न काय होता हे सगळे विसरलेले असतात. दादाच्या मते निम्मे प्रश्न असेच सुटतात.

दुसरं वाक्य, “माझ्याकडे तर चालतंय.” हे म्हणणारा डेव्हलपर निष्पाप असतो. चालतंयच त्याच्याकडे. कारण डेटाबेसही त्याच्याच लॅपटॉपवर आहे आणि पत्ता १२७.०.०.१ आहे, म्हणजे स्वतःचाच. पोस्टग्रेस नव्याने टाकलं की ते फक्त लोकलहोस्टवरच कान देऊन बसतं. उबुंटूवरचं मायएसक्यूएलही तसंच. एसक्यूएल सर्व्हरच्या एक्स्प्रेस आवृत्तीत टीसीपी/आयपी मुळात बंदच असतं. बनवणाऱ्यांनी हे शहाणपणाने केलंय, की बाहेरच्या कुणाला आत घ्यायचं असेल तर मालकाने स्वतः उठून परवानगी द्यावी. ती एका जागी देऊनही भागत नाही. पोस्टग्रेसमध्ये ऐकण्याचा पत्ता बदला, मग दुसऱ्या फाइलीत कोणत्या पत्त्यावरून कोणी यायचं त्याची ओळ घाला. मायएसक्यूएल तर माणसाची ओळखच तो कुठून आला यावरून ठरवतं. लोकलहोस्टवरचा रूट आणि बाहेरून आलेला रूट त्याच्या लेखी दोन वेगळी माणसं. नाव एक, पासवर्ड एक, तरी आत यायचं नाही. सासरी आणि माहेरी वेगळं नाव असलेल्या आमच्या आजीला हे लगेच पटलं असतं, पण बी.ई. झालेल्यांना पटायला वेळ लागतो.

या सगळ्याला कंटाळून कुणीतरी म्हणतंच, “दादा, सगळ्यांना ओपन करून टाका ना, टेस्टिंगपुरतं.” मग दादा खुर्ची मागे सरकवतो आणि २५ जानेवारी २००३ ची कथा लावतो. त्याची ही सत्यनारायणाची पोथी आहे. प्रसाद घेतल्याशिवाय उठता येत नाही. त्या शनिवारी स्लॅमर नावाचा किडा सुटला. आकार अवघा ३७६ बाइट. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा १४३४ हा यूडीपी पोर्ट ज्यांनी जगाला उघडा ठेवला होता त्यांच्याकडे तो शिरला आणि धोक्यातली बहुतेक यंत्रं त्याने दहा मिनिटांत गाठली. निदान ७५,००० यंत्रं बाधित झाली. दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडलं, अमेरिकेत एका मोठ्या बँकेची हजारो एटीएम बंद पडली. आणि दुरुस्तीचा पॅच? तो आधीच्या जुलैतच आला होता. “सहा महिने!” दादा म्हणतो. “सहा महिने लोकांनी ‘उद्या करू’ म्हटलं.” इथे तो मॅनेजरच्या केबिनकडे बघतो. केबिनमध्ये कोणी नसलं तरी बघतो.

पण दादाचा खरा थाट बघायचा तो संध्याकाळच्या कॉलवर. क्लायंट अमेरिकेत, म्हणजे त्यांची सकाळ आणि आपली जेवायची वेळ. मध्यंतरी एका नव्या मुलीला पोस्टग्रेसला कनेक्ट होता येईना. कॉलवर आठजण. नेटवर्कवाले म्हणाले, आमच्या बाजूने सगळं ओपन आहे. सिक्युरिटीवाले म्हणाले, आमच्या बाजूने सगळं बंद आहे, पण हा सर्व्हर सोडून. सर्व्हरवाले म्हणाले, आम्ही रिस्टार्ट मारलाय, आता बघा. (सर्व्हरवाल्यांनी नेहमी रिस्टार्ट मारलेला असतो.) एरर होस्ट नेमचा आहे एवढं कळल्यामुळे संशय डीएनएसवर गेला. कॅशे साफ झाला. व्हीपीएन काढून लावला. कुणीतरी मुलीला वायफाय बदलायला लावलं, तेव्हा ती मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आली आणि तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येऊ लागला. मॅनेजर दर पाच मिनिटांनी “सो, व्हॉट्स द ईटीए?” एवढंच विचारत होते. त्यांना ते छान जमतं.

दादा उशिरा आला. तोंडात वडापाव होता हे माइकवर कळत होतं.

“एरर जसाच्या तसा वाच, बाळा.”

“कुड नॉट ट्रान्सलेट होस्ट नेम, वन टू थ्री, ॲट, डीबी...”

“थांब. सर्व्हरचं नाव वन टू थ्रीने सुरू होतं?”

“नाही दादा. डीबीने.”

“मग हे वन टू थ्री कुठून आलं?”

आठजणांनी तासभर तो एरर पडद्यावर पाहिला होता, पण हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. पासवर्ड काय आहे, असं दादा कधीच विचारत नाही. नियमात बसत नाही. त्याने एवढंच विचारलं, “पासवर्ड ॲट वन टू थ्रीने संपतो का?” त्यावर कॉलवरच्या पाचजणांनी आपापले माइक म्यूट केले. आपल्याकडे एखादं नाव, पुढे @ आणि १२३ हा पासवर्ड नसून परंपरा आहे. प्रोजेक्टचं, मुलाचं, फार तर कुलदैवताचं नाव, एवढाच काय तो फरक.

भानगड साधी होती. कनेक्शनची ओळ लिहिताना आधी युजरचं नाव, मग पासवर्ड, मग @, आणि त्यापुढे सर्व्हरचा पत्ता असा क्रम असतो. प्रोग्रॅमने पहिलं @ दिसलं तिथे पासवर्ड संपला असं मानलं आणि उरलेलं १२३ सकट सगळं सर्व्हरच्या नावात घातलं. अशा नावाचा सर्व्हर जगात कुठल्या डीएनएसला सापडणार? पासवर्डातल्या @ च्या जागी %४० लिहायचं, संपलं. दादाने सांगितलं, मुलीने लिहिलं, कनेक्शन लागलं. ते लागलेलं पाहायला दादा थांबलाही नाही. पहिल्याच प्रयत्नात लागणार याची त्याला खात्री होती.

काम संपलं, पण मेल सुरू झाला. मॅनेजरांनी क्लायंटला कळवलं की ‘विशेष चिन्हामुळे उद्भवलेली नेटवर्कची अडचण’ दूर केली आहे. नेटवर्कवाल्यांनी ‘नेटवर्क’ शब्दाला हरकत घेतली. मॅनेजरांनी त्या जागी ‘तांत्रिक’ घातलं, तेव्हा सिक्युरिटीवाल्यांना पासवर्ड इतका सोपा का, हा प्रश्न पडला. ‘सर्वांना उत्तर द्या’ हे बटण ज्याने शोधलं त्याचा पत्ता दादाला हवा आहे, पोर्टसकट. एवढ्या मेलांत दादाचं नाव कुठेच नव्हतं. त्याने ते शोधलंही नाही. तो लिफ्टपाशी उभा होता, तेवढ्यात मुलगी धावत आली.

“दादा, कनेक्ट झालं, पण टेबलंच दिसत नाहीत!”

“कनेक्ट होतंय ना?”

“हो.”

“मग ते परमिशनचं,” लिफ्टमध्ये शिरत दादा म्हणाला. “वेगळं तिकीट टाक.”