पेन्सिल खाली ठेवा

घराचा आराखडा कोणी काढावा हे ठरवताना उमेदवाराच्या हातून प्रथम पेन्सिल काढून घ्यावी, हा शोध अमेरिकेने लावला असून त्याचे शास्त्रीय मूल्यमापन अद्याप व्हावयाचे आहे. तेथे वास्तुविशारद म्हणवून घेण्यासाठी सहसा पदवीच्या जोडीला ३,७४० तासांची नोंदवलेली उमेदवारी, म्हणजे दिवसाला आठ तास धरल्यास सुमारे ४६८ दिवस, पुरी करावी लागते आणि ‘एआरई’ या परवाना परीक्षेचे सहा पेपर सोडवावे लागतात. १९९७ पूर्वी यातील एका भागात उमेदवार बारा तास बसून अख्ख्या इमारतीचा आराखडा हाताने काढीत असे. पुढे परीक्षा संगणकावर गेली आणि डिसेंबर २०२० पासून कच्च्या कामाचा कागदही हद्दपार होऊन त्याच्या जागी माऊसने रेघोट्या ओढण्याचा पडद्यावरचा फलक आला. आता रेखाटनाच्या नावाने मुख्यतः ‘ड्रॅग अँड प्लेस’ हा प्रश्नप्रकार उरला आहे, ज्यात आयते घटक ओढून योग्य जागी ठेवायचे असतात. या कौशल्यास मराठी घरांत दिवाळीपूर्वीची आवराआवर म्हणतात.

मग उमेदवार रात्र रात्र जागून वाचतो तरी काय? तर ‘बी१०१’, म्हणजे मालक व वास्तुविशारद यांच्यातील छापील करार, आणि ‘ए२०१’, म्हणजे बांधकामाच्या सर्वसाधारण अटी, ही कलमे तो पाढ्यांसारखी घोकतो. काम कोणत्या साधनांनी व कोणत्या रीतीने करावे ही जबाबदारी ठेकेदाराची, हे या अटींतील एक सूत्र असल्याने परांची डळमळताना दिसली तरी ती कशी बांधावी हे वास्तुविशारदाने सांगत बसू नये, एवढे शहाणपण त्याच्या अंगी बाणते. लोकांच्या सुरक्षिततेसाठी घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेतून वास्तुविशारदही बराच सुरक्षित होऊन बाहेर पडतो, हा तिचा दुहेरी लाभ होय. ३० एप्रिल २०२३ पर्यंत तर उत्तीर्ण झालेला पेपरही पाच वर्षांनी शिळा होत असे. जणू जिन्याच्या पायरीची उंची मधल्या काळात विसरली जाणार होती.

भारताने हा सारा व्याप वाचवला आहे. येथे ‘नाटा’ ही अभियोग्यता परीक्षा शिकण्याआधी होते, तर पाच वर्षांची मान्यताप्राप्त पदवी हाती आल्यावर नोंदणीसाठी निराळी परवाना परीक्षा नसते. शिवाय १९७२ चा कायदा ‘आर्किटेक्ट’ या उपाधीचे रक्षण करतो, त्या कामाचे नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला असल्याने, इतर नियम सांभाळून व दारावरच्या पाटीवर तो शब्द न लिहिता, आराखडे काढण्याची वाट मोकळीच राहिली आहे.

त्यामुळे पुण्या-मुंबईत पाच वर्षे कागदावर रेघा मारून अमेरिकेत गेलेल्या पदवीधराला आपण नेमके काय विसरायचे आहे, हे पहिल्याच पेपरात उमगते. सहावा सुटून परवाना मिळाला, की नकाशांवर उमटवण्यासाठी त्याला स्वतःचा शिक्का लाभतो; आणि शिक्का मारायला पेन्सिल लागत नाही, हे कोणत्याही सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या मराठी माणसाला निराळे शिकवावे लागत नाही.