वसतिगृहाचा आहेर

रावेरच्या पोराला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, की नातेवाईक भिंतीवरचं घड्याळ घेऊन हजर होतात. वसतिगृहात खिळा ठोकायला बंदी असते, हे त्यांना ठाऊक नसतं असं नाही. पण ते घड्याळ कुणाच्या तरी वास्तुशांतीत आलेलं असतं आणि कागद न फाडता पुढे सरकवायचं असतं. सढळ हाताची आत्या विजेची किटली देते. ती पहिल्याच तपासणीत रेक्टरच्या ताब्यात जाते. सरस्वतीची मूर्ती तेवढी टिकते, तिला ना खिळा लागतो ना वीज.

पोराला खरं तर हवं असतं चांगलं कुलूप (तीन किल्ल्यांचं, दोन हरवणारच), कपडे वाळत घालायला दोरी आणि डझनभर चिमटे. पण दोरीला चमकीचा कागद लावून हातात ठेवायची कशी? लोक काय म्हणतील? शिवाय फोटोत चिमटे शोभत नाहीत.

मामा मात्र हिशेबी. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्यांचा भाव वधारलाय. ते अख्खा घडच देतात, कच्चा. भुसावळला गाडी बदलताना पोरगा मामांना मनातल्या मनात शिव्या घालतो. पुण्यात आठवडाभरात सगळ्या फण्या एकदम पिकतात आणि वरच्या मजल्यावरचे सिनिअरसुद्धा रॅगिंग सोडून नाव-गाव विचारायला येतात. आत्याच्या किटलीवर रेक्टरचा चहा होतो, असंही कळतं.