आठांचा कौल

पक्षांतरबंदी कायद्यात एकट्याने उडी मारली तर आमदारकी जाते. दोन-तृतीयांशांनी मारली तर ते विलीनीकरण. पूर्वी एक-तृतीयांशांची फूटही चालायची, 2003 च्या घटनादुरुस्तीने ती स्वस्त सोय काढली.

गोव्यात 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा, तिन्हीकडे पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या. सप्टेंबरात 11 आमदारांपैकी 8 भाजपमध्ये! सातच निघाले असते तर पंचाईत होती, कारण अकराचे दोन-तृतीयांश सातावर थोडे उरतात. आठांतले दिगंबर कामत म्हणाले, देवाला विचारूनच आलो. देवाचे अपूर्णांक पक्के असावेत. अपात्रतेचे अर्ज सभापतींनी 2024 मध्ये फेटाळले. तोवर आठांतले एक मंत्रीही झाले होते.