कोरड्यात बुडालेलं दुकान

नाशिकच्या भांडीबाजारात पुराचा अंदाज हवामान खात्याच्या आधी नदीपात्रातला दुतोंड्या मारुती देतो. गोदेचं पाणी त्याच्या कमरेला लागलं की माल वरच्या फळीवर चढवायचा, छातीला लागलं की शटर ओढायचं, हे आमच्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवतात. १९६९ चा महापूर झाला, २००८ झालं, २०१६ आणि २०१९ झालं. दर वेळी गाळ उपसून, चिंच लावून भांडी घासून दुकान पुन्हा मांडलं गेलं. आमचं दुकान बुडवायला पाणी लागतच नाही, हे मात्र मी दाखवून दिलं.

झालं असं की एका रात्री मी गुगलवर ‘तांब्याचा बंब नाशिक’ असं टाकलं. जगातले सगळे बंब आले, आमची वेबसाइट आली नाही. नकाशावर दुकानाची खूण होती, तीही कुणा भल्या गिऱ्हाइकाने परस्पर टाकलेली. वेबसाइट मी स्वतः वर्डप्रेसवर जागरणं करून बनवली होती. त्यामुळे चूक गुगलची, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

मग मी एसईओ, म्हणजे गुगलच्या शोधात साइट वर आणायची विद्या, शिकायला बसलो. गुरू यूट्यूबवरचे. त्यांच्यापैकी एकाने पानाच्या पोटात ‘कीवर्ड टॅग’ भरायला सांगितलं, मी भक्तिभावाने भरला. असल्या टॅगकडे आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं. व्हिडिओची तारीख बघण्याची सवय मला नव्हती.

दुसऱ्याची युक्ती मला जास्त आवडली, कारण तिच्यात लबाडी होती. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत हवे ते शब्द लिहायचे, माणसाला दिसत नाहीत, यंत्राला दिसतात. मी ‘तांब्या, स्वस्त तांब्या, नाशिक तांब्या, बेस्ट तांब्या’ असं सुरू केलं आणि हात थांबेना. द्राक्षं, मिसळ, चिवडा, कुंभमेळा, सगळं आत टाकलं. वेबसाइटची लिंक मग नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवली. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून तिच्या नातवाने फोनमधला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय चालू करून दिली होती. फोनला रंग कळत नाहीत. संध्याकाळी आत्याचा फोन आला, “अरे, बाकी सगळं ठीक, पण शेवटी हा तांब्याचा जप कसला लावलायस? मी पोथी समजून हात जोडून ऐकत बसले.”

मग लिंका. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये शिकताना काढलेली कल्पना अशी, की दुसऱ्या साइटने तुमच्याकडे बोट दाखवलं तर ते तुमच्या बाजूचं मत धरायचं, आणि वजनदार माणसाचं मत जास्त वजनाचं. मत म्हटल्यावर ते विकत मिळणार, हे आम्हा भारतीयांना वेगळं शिकवावं लागत नाही. एका कंपनीकडून मी स्वस्तात गठ्ठा घेतला. उघडून बघतो तर भांडीबाजारातल्या दुकानाची शिफारस परदेशी जुगाराच्या साइटी करत होत्या. असली विकतची मतं पकडायला गुगलने २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ सोडला होता म्हणे. माझ्या माहितीतले पेंग्विन राणीच्या बागेत होते आणि निरुपद्रवी होते.

गुगलवरच्या अभिप्रायांचं थोडक्यात सांगतो. चुलतबहिणीच्या साखरपुड्यात पंगतीत फिरून मी सगळ्यांकडून पाच-पाच तारे लिहून घेतले. एका काकांनी घाईत ‘बासुंदी उत्तम’ असं लिहिलं. मावशीने तीनच तारे दिले आणि खाली ‘आंदण दिलेला पेला गळतो’ असं खरं लिहिलं. काही दिवसांनी बासुंदीसकट सगळे तारे गायब झाले. मावशीचे तीन तेवढे राहिले.

आता माझ्याकडे एकच जागा उरली होती: नकाशावरची ती खूण. तिथे दुकानाच्या साध्या नावापुढे मी ‘तांबे पितळ बंब कळशी होलसेल नाशिक ढोल’ असं शेपूट जोडलं. ढोल का? कारण नाशिकच्या नावाने लोक ढोल शोधतात. त्याचा परिणाम लगेच दिसला. एका गणेश मंडळाचा फोन आला, “पथकात किती ढोल?” घरातले वडीलधारे अण्णा गल्ल्यावर होते. ते म्हणाले, “ढोल नाहीत. पितळी पातेली आहेत, वाजतात छान.”

बोर्डावर असेल तेच नाव नकाशावर द्यायचं, असा गुगलचा नियम आहे. शेपटाचा सुगावा लागताच त्यांनी नोंद निलंबित केली आणि दुकान नकाशावरून गेलं. मी अण्णांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“एकोणसत्तरला दुकान पाण्याखाली होतं,” ते म्हणाले, “तरी पोस्टमनला पत्ता सापडत होता. तू कोरड्यात बुडवलंस.”

शेवटी बहिणीची मुलगी सुट्टीला आली. तिने सेटिंगमध्ये शिरून काही क्षण बघितलं आणि विचारलं, “मामा, ‘सर्च इंजिनांनी या साइटची नोंद घेऊ नये’ या चौकटीत बरोबरची खूण कुणी केली?” मीच केली होती. साइट अर्धवट असताना कुणी बघू नये म्हणून. नंतर काढायची राहिली. म्हणजे जप, जुगारी, सगळा खटाटोप मी आतून कडी लावून करत होतो.

तिने खूण काढली, जप पुसला, नकाशावर खरं नाव घालून बोर्डाच्या फोटोसकट अर्ज केला. मग फोन घेऊन अण्णांच्या गल्ल्याशी बसली. गिऱ्हाईक विचारतं आणि अण्णा सांगतात, ते तिने तसंच्या तसं लिहून काढलं: ताक पितळेत का कळकतं, कल्हई पुन्हा कधी करायची, बंबाची तोटी गळली तर काय, मोड कुठल्या भावाने घेतात. प्रत्येकाचं एक पान. यात एसईओ कुठे आहे, असं मी विचारलं. तिने उत्तर दिलं नाही.

आता ‘सर्च कन्सोल’ नावाच्या तक्त्यात लोक काय टाइप करून आमच्याकडे आले ते दिसतं. सगळ्यात जास्त येतात ते ‘जुन्या पितळेची मोड, भाव’ शोधत. सिन्नरहून, निफाडहून पोती घेऊन येतात, आजीची घंगाळी आणि पणजीचे हंडे तराजूत घालतात, पैसे मोजून घेतात आणि जातात. दुकानात गर्दी असते. गल्ल्यातून पैसे फक्त बाहेर जातात.

“त्या गुगलला सांग,” अण्णा परवा म्हणाले, “विकायला येतात ते ठीक. थोडे घ्यायलाही पाठव म्हणावं.”

मी उत्साहाने लॅपटॉप उघडला. भाचीने तो मिटला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.