फॉरमॅटदादा

प्रत्येक सोसायटीत एक फॉरमॅटदादा असतो. शिक्षणाने तो बी.कॉम. असेल, नाहीतर डिप्लोमाचा राहिलेला विषय सोडवत असेल; पण कुणाचा कॉम्प्युटर रुसला की हाक त्यालाच. दुकानातला माणूस व्हिजिटिंग चार्ज लावतो, दादाचं चहा-पोह्यांवर भागतं. शिवाय कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे एकच इलाज असतो: "फॉरमॅट मारू, विंडोज नवीन टाकू."

2001 साली आलेलं एक्सपी त्याने निम्म्या सोसायटीला टाकून दिलं. सीडी आत सरकवायची, मशीन रीस्टार्ट करायचं, आणि थोड्या वेळाने जाहीर करायचं, "सीडी ड्राइव्ह डिटेक्ट होत नाहीये." हे वाक्य तो मुलीकडच्यांचा नकार कळवावा तशा आवाजात उच्चारतो. पाठोपाठ चौकशी: "आधी कोणी हात लावला होता?" घरातले एकमेकांकडे पाहतात. दिवाळीच्या साफसफाईत काकांनी कॅबिनेट उघडून आतून फडकं मारलेलं असतं.

मग कॅबिनेट आडवं पडतं. चपटी राखाडी आयडीई केबल दादा उपटतो, तिच्या 40 भोकांत फुंकर मारतो, काठावरची लाल रेघ पॉवरच्या वायरीकडे आहे ना ते बघतो आणि अंगठ्याने पुन्हा दाबून बसवतो. तरी काही नाही. मग कळतं, हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह एकाच केबलवर, आणि दोघांचेही जंपर मास्टरवर. "एका घरात दोन मास्टर चालत नाहीत," दादा म्हणतो. काकू काकांकडे बघतात. काकूंच्याच भुवयांच्या चिमट्याने दादा ड्राइव्हचा जंपर उपसतो. तो निसटून सतरंजीत गडप होतो. सगळं घर टॉर्च घेऊन रांगतं.

जंपर स्लेव्हवर बसतो. डिलीट बडवत दादा बायोसमध्ये शिरतो, सीडीला पहिला नंबर देतो. सीडीवरून सुरू करायचं तर कुठलंही बटण दाबा, असं स्क्रीन सांगते, तेही जेमतेम पाच सेकंद. नेमका तेव्हाच दादा चहा पीत असतो. पुन्हा रीस्टार्ट.

विंडोज 7 आलं, पेनड्राइव्ह आले. नव्या मशीनमध्ये सीडी ड्राइव्हच नव्हता, तरी इन्स्टॉलेशन अडून बसलं: सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही! काका चक्रावले. दादाने पेनड्राइव्ह निळ्या पोर्टमधून काढला, फुंकर मारली, शेजारच्या काळ्या पोर्टमध्ये घातला. गाडी सुरळीत पुढे सरकली. "लूज कॉन्टॅक्ट," दादा म्हणाला.

इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याला हे सहन झालं नाही. त्याने समजावलं: निळा पोर्ट यूएसबी 3.0 चा. 2009 च्या विंडोज 7 मध्ये त्याचे ड्रायव्हरच नाहीत. सुरुवातीला बायोस पेनड्राइव्ह वाचून देतो, पण पुढे विंडोजने सूत्रं हाती घेतली की तिला तो पोर्टच दिसत नाही. ज्या पेनड्राइव्हवरून ती आली तोच तिला सापडेना. काळा पोर्ट जुना, 2.0 चा, तो तिला ओळखता येतो.

दादाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कॉन्टॅक्टच होत नव्हता ना?"

काकांनी जोरात मान डोलावली. त्यांचा प्रिंटरही आठवडाभर डिटेक्ट होत नव्हता, आणि पुतण्या तर सकाळच्या गाडीने परत जाणार होता.