शब्बाथ शाळेच्या बाई

शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या, बाईंच्या घरून रद्दीवाला रिकाम्या हातानं परत जातो. शिंप्याकडच्या चिंध्या म्हणजे योसेफाचा झगा, कापडदुकानातली पुठ्ठ्याची नळी म्हणजे जक्कय चढला ते उंबर आणि फाटक्या उशीतला कापूस म्हणजे बेथलेहेमच्या कुरणातली समस्त मेंढरं. मग रद्दीत घालायचं काय? यजमानांनी नव्या चपला आणल्या, की बाई आधी खोका उघडून बघतात. चपला नंतर, सवड मिळाली तर. जुन्या लग्नपत्रिका त्या अख्ख्या आळीतून गोळा करतात, कारण सोनेरी कागद देवदूतांच्या पंखांना लागतो. पत्रिकेवरचा गणपती मात्र नीट कापून शेजारच्या काकूंकडे परत पोहोचवला जातो.

रविवारच्या शाळेच्या परंपरेला मोठी वंशावळ आहे. इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये गरीब, कष्टकरी मुलांसाठी रविवारची शाळा काढली. तिथं मुलांना मुख्यतः वाचायला शिकवत. इकडे अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. कात्री आणि फेव्हिकॉल मागाहून आले, पण आले ते ठाण मांडून बसले.

बाईंना हौशी समजण्याची चूक कोणी करू नये. त्या मापाच्या पक्क्या आहेत. नोहाचं तारू सगळीकडे गोल, गुटगुटीत काढतात. उत्पत्तीच्या पुस्तकात ते तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद आणि तीस हात उंच आहे. बाईंनी हिशेब केला आणि बुटाचा खोका बाद ठरवला. या प्रमाणात बसतो तो टूथपेस्टचा खोका. तारू शास्त्रशुद्ध झालं, फक्त हत्ती आत जाईना. शेवटी तो टपावर चिकटवला.

प्राणी दोन-दोन, हेही अर्धवटच. शुद्ध पशू सात-सात घ्यायचे होते. त्या रविवारी मेंढ्या चिकटवता चिकटवता उपासना संपली, आईबाप न्यायला आले, तरी बकऱ्या बाकीच.

दाविदाशी लढलेल्या गल्याथाची उंची सहा हात आणि एक वीत. वर्गाचं पत्र्याचं छत त्याच्या कपाळाला लागतं, म्हणून वर्तमानपत्रांच्या गुंडाळ्यांचा हा महावीर वर्षभर बसलेलाच असतो. गोफण कशी फिरवायची हे मात्र शिकवावं लागत नाही. ज्वारीवरची पाखरं हाकलून आलेली पोरंच बाईंना शिकवतात. दाविदानं ओढ्यातून पाच गोटे उचलले, लागला एक. “बाई, बाकीच्या चार गोट्यांचं काय केलं?” याचं उत्तर शास्त्रात नाही. अशा वेळी बाई सगळ्या वर्गाला वचन पाठ करायला बसवतात.

नाताळच्या नाटकात त्यांची खरी मुत्सद्देगिरी दिसते. बाळ येशूला भेटी घेऊन आलेला मागी व्हायला प्रत्येक पोरगा तयार, मेंढपाळ व्हायला कोणी नाही. आया पाळकसाहेबांकडे तक्रार घेऊन जातात. बाई मत्तयाचं शुभवर्तमान उघडून दाखवतात: सोनं, ऊद, गंधरस या भेटी तीन, माणसं किती, ते लिहिलेलंच नाही! मग नऊ मागी रांगेनं येतात. शेवटचे सहा रिकाम्या हातानं येऊन नुसता नमस्कार करतात.

या सगळ्याचा परिणाम परीक्षेत दिसतो. तारवाची मापं, गल्याथाची उंची आणि योनानं माशाच्या पोटात काढलेले तीन दिवस पोरं झोपेतही सांगतात. पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्रावर मात्र पेपर कोरा असतो. त्यात सोळा अध्याय आहेत, पण होडी नाही, मासा नाही, गोफण नाही. आणि त्याच्या मापाचा खोका बाईंना अजून सापडलेला नाही.